आधी भोकं, मग पांघरूण

आईच्या खोलीचं छत हाताला लागेल इतकं खाली आहे. घराचा तो सगळ्यात वरचा भाग. तिच्या पलंगावर उभं राहून हात वर केला, की जिप्समच्या बोर्डाला तळवा टेकतो. एका हिवाळ्यात पहाटे तिला बघायला वर गेले आणि सहज छताला हात लावला. बोर्ड फरशीइतका गार होता. आई तीन पांघरुणांखाली अंग आखडून झोपली होती, आणि खाली हीटर रात्रभर चालूच होता.

उन्हाळ्यात त्याच छताखाली उलटा प्रकार. ऊन उतरायचं, बाहेर वारा सुटायचा, सगळ्या खिडक्या उघड्या असायच्या, तरी रात्री दहा-अकरापर्यंत छतातून धग येत राहायची. दिवसभर तापलेला पोटमाळा ती धग खाली सोडत असायचा. कडक उन्हात बंद माळ्यातलं तापमान ५५-६० अंशांवर सहज जातं. त्याच्या आणि झोपलेल्या माणसाच्या मध्ये अर्ध्या इंचाचा बोर्ड आणि वर उष्णता रोखणारा जो काय थर असेल तो, एवढंच असतं.

आई तक्रार करत नाही. "वरची खोली अशीच असते गं," एवढंच म्हणते. मला ते वाक्य सहन होत नव्हतं. वरची खोली अशी नसते. ती कुणीतरी तशी ठेवलेली असते.

जिन्याच्या माथ्यावर छतात एक झडप आहे. प्लायवूडचा चौकोनी तुकडा, चौकटीवर नुसता ठेवलेला. घर घेतल्यापासून ती मी दोनदा-तीनदा उघडली असेल. आत बघायचं असतं म्हणजे नक्की काय बघायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे पहिला कंत्राटदार आला तेव्हा तो जे म्हणाला ते मी मान्य केलं. त्याने शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून डोकं आत घातलं, मोबाइलचा उजेड एकदा गरकन फिरवला आणि खाली उतरून म्हणाला, "थर पातळ आहे मॅडम. वर आणखी एक टाकू, अर्ध्या दिवसाचं काम." थर खरंच पातळ होता. तुळयांच्या मधलं जुनं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, तीन-साडेतीन इंच, तेही जागोजागी दबलेलं. त्याची माणसं आली, गुंडाळ्या वर चढवल्या, अंथरल्या, दुपारच्या आत निघून गेली. मी झडपेतून बघितलं. सगळीकडे एकसारखं, जाड, स्वच्छ पांघरूण पसरलेलं दिसलं. समाधान वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात आईची खोली थोडी सुधारली, पण थोडीच. म्हणून एका सकाळी, थंडी अगदी कडाक्याची होती तेव्हा, मी बॅटरी घेऊन माळ्यात शिरले. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. छपराच्या फळ्यांमधून आत आलेली खिळ्यांची टोकं असतात ना, ती सगळी पांढरी झाली होती. बॅटरीचा झोत फिरवला की शेकडो टोकं चमकायची. प्रत्येकावर हिमाचा एकेक दाणा. जवळ जाऊन एकाला बोट लावलं तर तो विरघळून बोटावर पाणी झालं. खाली नव्या ग्लासवूलवर थेंब पडून पडून खळगे झाले होते, आणि न्हाणीघराच्या वरच्या बाजूला फळ्यांवर काळ्या बुरशीचे ठिपके धरले होते.

खिळ्यांवर पाणी आलं कुठून? छप्पर गळत नव्हतं. कित्येक दिवस पाऊसच नव्हता. ते पाणी आमचंच होतं. आमच्या श्वासाचं, अंघोळीचं, वाळत घातलेल्या कपड्यांचं. २० अंश तापमानाची, ५० टक्के आर्द्रतेची घरातली हवा साधारण ९ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागाला लागली, की तिच्यातली वाफ तिथे पाणी होऊन बसते. लोखंडाचा खिळा बाहेरची थंडी लाकडापेक्षा कितीतरी जास्त आत आणतो, म्हणून पहिलं दव त्याच्यावर. म्हणजे घरातली ऊबदार हवा, जी आईच्या खोलीत राहायला हवी होती, ती नव्या जाड थरातून आरपार जाऊन छपराला टेकत होती.

मग बाकीचं दिसायला लागलं. न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइप बाहेर गेलेलाच नव्हता; माळ्यातच मोकळा सोडलेला, आणि आता तर नव्या थराखाली पुरलेला. वळचणीला, जिथे छप्पर भिंतीवर टेकतं, तिथून माळ्यात बाहेरची हवा यायला फटी ठेवलेल्या असतात. त्या हवेवरच माळा कोरडा राहतो. त्या फटींमध्ये माणसांनी ग्लासवूल ठासून भरलं होतं. ओल आत येण्याची वाट उघडी आणि बाहेर पडण्याची बंद.

मला राग आला, आणि तो रास्त होता. जो माणूस माळ्यात पायही न ठेवता माळ्याचं काम ठरवतो, त्याने ते काम घेऊ नये असं मला आजही वाटतं. पण त्या सकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी त्याला जाडी विचारली होती आणि त्याने मला जाडी दिली होती. हवेबद्दल आमच्यापैकी कुणीच बोललं नव्हतं.

आणि हे सगळं प्रकरण मुळात हवेचंच आहे. ग्लासवूलचा तुकडा उजेडात धरून बघावा. तो काचेचा आहे, यावर डोळे विश्वास ठेवत नाहीत. काच हवेच्या सुमारे चाळीसपट उष्णता वाहते. तीच काच केसाहून बारीक ओढून, गुंतवून, तिच्यात हवा अडकवली, की होणारा गठ्ठा जवळजवळ स्थिर हवेइतकाच मंद होतो. मापात सांगायचं तर स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२५, काचेची १ आणि ग्लासवूलची ०.०४ च्या आसपास. मोठ्या प्रमाणावर असे तंतू काढणं जमलं तेही अपघाताने. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांना वितळवून जोडायच्या खटपटीत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर गेला आणि काचेचे तंतू उडाले. आज जगभरच्या माळ्यांत जे अंथरलेलं आहे, त्यातल्या बऱ्याचशाचा वंश तिथे जातो.

जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा करून त्यात बोरेट मिसळतात, त्याला सेल्युलोज म्हणतात. वितळवलेल्या दगडाचे तंतू काढतात, ते रॉकवूल. थर्माकोलमध्ये तर हवेच्या पेशीच असतात. पदार्थ कुठलाही असो, तो पहारेकरी. रोखायचं काम करते ती अडकलेली हवा. म्हणूनच ग्लासवूल दाबून बसवलं की त्याचा उपयोग कमी होतो. दाबून आपण त्याच्यातली हवाच काढून टाकलेली असते. आणि हीच हवा हलायला लागली, खालच्या भोकातून वर वाहायला लागली, तर पहारेकऱ्याचा काय उपयोग? लोकरीचा स्वेटर घालून वाऱ्यात उभं राहिलं की वारा आत शिरतो, आणि त्यावर पातळसा रेनकोट चढवला की एकदम ऊब येते, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. माझ्या छताला नवाकोरा स्वेटर होता. रेनकोट नव्हता.

दुसऱ्यांदा माणूस शोधताना मी एकच गोष्ट बघायची ठरवली होती: तो वर किती वेळ थांबतो. वयस्क कारागीर होते. आल्या आल्या त्यांनी गुडघ्याला पट्टे बांधले, तोंडावर मास्क चढवला, फळीचा एक तुकडा बरोबर घेतला आणि माळ्यात गेले ते पाऊण तास खाली आले नाहीत. वरून फक्त सरकण्याचा आवाज यायचा. खाली आल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, आधी भोकं बुजवू. पांघरूण नंतर." मी विचारलं, "भोकं म्हणजे किती असतील काका?" ते म्हणाले, "उद्या तुम्हालाच दाखवतो. हाताला कळतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या दाराच्या चौकटीत कापडाचा पडदा ताणून बसवला आणि त्यात एक मोठा पंखा. बाकी खिडक्या-दारं बंद. पंखा घरातली हवा बाहेर ओढून आतला दाब बाहेरपेक्षा ५० पास्कलने कमी करतो. एवढासा फरक, कानालाही कळत नाही. पण मग घराला जिथे जिथे भोक आहे तिथून बाहेरची हवा आत घुसते. काकांनी आईलाच बोलावलं. तिच्या खोलीतल्या छतातल्या दिव्याखाली तिला उभं केलं आणि हात वर धरायला सांगितलं. आईने तळवा धरला आणि तिचा चेहराच बदलला. दिव्याच्या कडेने माळ्यातली थंडगार हवा सरळ तिच्या हातावर पडत होती. मग ती स्वतःच खोलीभर हिंडायला लागली. स्विचबोर्डाजवळ हात, कपाटामागच्या कोपऱ्यात हात, दाराच्या चौकटीवर हात. "इथे पण येतेय बघ. इथे पण." इतकी वर्षं जी थंडी तिने अंगावर घेतली होती, तिचे पत्ते तिला एकेक करून सापडत होते. एका उदबत्तीचा धूर धरला तर तो दिव्याजवळ खाली ढकलला जात होता. पंख्याविना, नुसत्या थंडीच्या दिवशीही उदबत्तीने हे कळतं. तेव्हा धूर उलट वर ओढला जातो.

कारण साधं आहे. गरम हवा हलकी. ती घराच्या माथ्याशी जमते आणि वर दाब देते. तिथे वाट मिळाली की ती निघून जाते आणि तिची जागा भरायला तळाशी, दारांच्या फटींतून, थंड हवा आत ओढली जाते. घर हिवाळाभर स्वतःच एक धुराडं झालेलं असतं. खालच्या मजल्यावर पायांना लागणारा गार झोत थांबवायला माळ्यातली भोकं बुजवावी लागतात, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मग काकांनी मला वर नेलं आणि नवा थर बाजूला करून जुनं ग्लासवूल उचलून दाखवलं. पिवळ्या लोकरीवर काळपट डाग होते. मला ती बुरशी वाटली. त्यांनी चिमटीत धरून दाखवलं: कोरडी धूळ. वर्षानुवर्षं खालून येणारी हवा त्या लोकरीतून गाळली गेली होती आणि धूळ मागे राहिली होती. जिथे डाग, तिथे बरोबर खाली भोक. एका डागाखाली भिंतीच्या माथ्यातून गेलेली वायर निघाली. वायर बोटाएवढी, भोक तीन बोटांचं. दुसऱ्याखाली दिव्याचा डबा. न्हाणीघराच्या पाइपांसाठी सोडलेली पोकळी तर अशी, की बॅटरी मारली तर उजेड थेट तळमजल्यापर्यंत गेला. घर बांधताना कुणीतरी तिथे पाइप सोडला, आणि भोवतीची जागा नंतर बुजवू म्हणून तशीच राहिली असेल. घराने तेव्हापासून सगळ्या चुकांची नोंद त्या लोकरीवर करून ठेवली होती. वाचायला फक्त लोकर उचलायला हवी होती.

स्वतः करायचं की माणूस लावायचा, हा प्रश्न लोक मला आता विचारतात. आम्ही काम वाटून घेतलं. विजेचं सगळं, न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर काढणं आणि धुराड्याभोवतीचं काम काकांकडे आणि त्यांच्या वायरमनकडे. भोकं बुजवणं आणि वरचा थर मी आणि माझा धाकटा भाऊ. ही वाटणी मला अजूनही योग्य वाटते. भोकं बुजवायला कौशल्य कमी आणि चिकाटी जास्त लागते, आणि ज्याला त्या खाली झोपायचं आहे, किंवा ज्याची आई त्या खाली झोपते, त्याच्याकडे ती चिकाटी असते. चाळिसावं भोक मजूर सोडून देईल. आपण सोडत नाही.

पण काही गोष्टींना स्वतः हातच लावू नये. जुन्या घराच्या माळ्यात राखाडी-तपकिरी, चकाकणारे, खड्यांसारखे दाणे पसरलेले दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज असू शकतं. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिबी गावाजवळच्या खाणीतून १९१९ ते १९९० या काळात ते निघालं आणि असंख्य घरांच्या माळ्यांत गेलं. त्या खाणीतल्या मालात ॲस्बेस्टॉस, फुप्फुसांना घातक असं तंतूंचं खनिज, मिसळलेलं होतं. तसे दाणे दिसले तर झडप लावून घ्यावी, हलवाहलव करू नये आणि तपासणारा माणूस बोलवावा. तसंच चिनी मातीच्या खुंट्यांवरून ताणलेल्या फार जुन्या वायरी. त्या उघड्या हवेत गार राहतील अशा बेताने घातलेल्या असतात. त्यांच्यावर थर टाकणं म्हणजे आगीला जागा करून देणं. आणि दोन रसायनं मिसळून फवारायचा फोम शिकलेल्या माणसानेच मारावा; तो पूर्ण पक्का होऊन त्याच्या वाफा निघून जाईपर्यंत घरात कुणी थांबू नये. ग्लासवूलची मात्र लोकांना वाटते तेवढी भीती नाही. त्याने अंगाला खाज सुटते, घसा खवखवतो, म्हणून पूर्ण बाह्या, गॉगल, एन-९५ मास्क हवाच. पण कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००१ मध्ये पुरावे पुन्हा तपासून घरांतल्या काचलोकरीला तिसऱ्या गटात, म्हणजे कर्करोगकारक आहे की नाही हे पुराव्यांवरून ठरवता येत नाही अशा गटात, हलवलं.

भावाला दोन दिवसांची सुटी मिळाली. पहाटे पाचला वर चढायचं आणि ऊन तापायच्या आत, नऊ-साडेनऊला, बाहेर पडायचं असं ठरलं. माळ्यात उभं राहता येत नाही. तुळया दर दोन फुटांवर एक. त्यांच्यावर फळी टाकायची, फळीवर गुडघे टेकायचे, आणि तुळयांच्या मध्ये पाय चुकूनही ठेवायचा नाही, कारण तिथे खाली फक्त बोर्ड आहे आणि बोर्डाखाली खोली. भाऊ माझ्यापेक्षा उंच आणि जड, म्हणून वळचणीकडच्या अरुंद भागात मी सरपटत जायचे. पोटावर पालथं पडून, हनुवटी तुळईला टेकवून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात सीलंटची, म्हणजे फटी बुजवायच्या चिकट लगद्याची, नळी. बोटापेक्षा बारीक फटीला सीलंट, त्याहून मोठ्या भोकाला डब्यातून मिळणारा तयार फोम. फोम आधी लिंबाएवढा दिसतो आणि मग डोळ्यांदेखत फुगून भोकाचा आकार घेतो, कडांना चिकटतो. ते बघायला मला फार आवडायचं. न्हाणीघराच्या पोकळीवर भावाने बोर्डाचा तुकडा मापात कापून बसवला, कडेने फोम भरला आणि तळवा ठेवून बघितला. "ताई, थांबली गं हवा." मीही हात ठेवला. खरंच थांबली होती.

धुराड्याभोवती फोम चालत नाही, तो पेटतो. विटांचं धुराडं आणि घराचं लाकूड यांच्यात मुद्दाम दोन इंच मोकळी जागा ठेवलेली असते. ती जागा म्हणजे हवा वर जायचा राजमार्गच. ती काकांनी पत्र्याचे तुकडे कापून झाकली आणि कडा उष्णता सहन करणाऱ्या सीलंटने बंद केल्या. वर पत्र्याचीच एक बाही उभी केली, म्हणजे पुढे थर टाकला तरी तो धुराड्याला टेकणार नाही. छतातले जुने दिव्यांचे डबे तापणारे होते, त्यांच्यावर थर घालता आला नसता. वायरमनने ते काढून हवाबंद एलईडी बसवले. सगळं झाल्यावर काकांनी एक तपासणी आवर्जून केली: घरातले सगळे पंखे चालू करून शेगडीच्या धुराड्यात धूर वरच जातो ना, ते पाहिलं. घर घट्ट झालं की धूर कधीकधी उलटा खोलीत येतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. हे न बघता जो भोकं बुजवून निघून जातो त्याचं काम अर्धवट समजावं. आम्ही आईच्या खोलीबाहेर त्याचा अलार्मही लावला.

वळचणीला दोन वाशांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याच्या पन्हळी ठोकल्या, फटीतून आलेली हवा थराच्या वरून छपराच्या आतल्या अंगाने आढ्याकडे जावी म्हणून. पहिल्या माणसांनी ठासलेलं ग्लासवूल आधी उपसून काढावं लागलं. ते सगळ्यात कंटाळवाणं काम होतं.

थर टाकायचं काम त्या मानाने सोपं. सेल्युलोज निवडलं, कारण ते फुंकून भरता येतं आणि वायरी-पाइपांच्या आजूबाजूला स्वतःहून जाऊन बसतं. भाड्याचं यंत्र अंगणात. एकजण पोती फोडून त्यात टाकतो, दुसरा वर लांबलचक नळी धरून बसतो. भाऊ खाली, मी वर. यंत्राच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून मी झडपेकडे बॅटरी दोनदा मिचकावली की आई जिन्यातून अंगणाकडे हात करायची आणि भाऊ यंत्र थांबवायचा. आईने ते काम सकाळभर उभं राहून केलं. खुर्ची दिली तरी बसली नाही. आधीच तुळयांवर ठिकठिकाणी पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या ठोकून त्यांवर इंच लिहिले होते. राखाडी भुगा नळीतून पडत पडत पट्ट्यांवर चढत गेला. आठ, दहा, बारा. सोळावर थांबलो, कारण हा भुगा बसतो. बसून चौदाच्या आसपास राहावा असा हिशोब होता.

आणखी का नाही टाकला, असं भावाने विचारलं होतं. थर दुप्पट केला की उष्णतेची गळती निम्मी होते. तो पुन्हा दुप्पट केला की त्या निम्म्याची निम्मी. म्हणजे पहिले चार-सहा इंच सगळ्यात जास्त कमाई करून देतात आणि पुढचा प्रत्येक इंच आधीच्यापेक्षा कमी. वीस इंच करून झडप तशीच ठेवणं म्हणजे भरलेल्या माठाला खालून भोक. झडपेचा हिशोब मी स्वतः मांडला होता. शंभर चौरस मीटर माळ्यावर असा चांगला थर असेल आणि त्यात अर्धा चौरस मीटरची झडप नुसत्या प्लायवूडची असेल, तर जागेच्या अर्ध्या टक्क्यातून एकूण उष्णतेतला जवळजवळ दहावा हिस्सा निघून जातो. आणि हे सगळं नुसत्या प्लायवूडमधून, हवा अजिबात न हलता. मग आम्ही झडपेच्या पाठीला थर्माकोलसारख्या फोमचे चार थर चिकटवले, चौकटीला रबरी पट्टी लावली आणि झाकण घट्ट ओढून धरणारे दोन खटके बसवले. माळ्याच्या बाजूने चौकटीभोवती प्लायवूडचा उंच काठ केला, म्हणजे झडप उघडली की भुगा खाली ओसंडत नाही.

आता दुसरा हिवाळा चालू आहे. कडाक्याच्या सकाळी मी मुद्दाम वर जाऊन बघितलं. खिळ्यांची टोकं कोरडी, काळसर, लोखंडाच्या रंगाची. एकावरही दाणा नव्हता. माळा बाहेरच्याइतकाच थंडगार होता, आणि तो तसाच हवा. त्याचा अर्थ घरातली ऊब वर पोचत नाही. बुरशीचे ठिपके पुसले होते, ते परत आले नाहीत. खाली बैठकीत आणि वर आईच्या खोलीत दोन साधे तापमापक ठेवले आहेत. पूर्वी पहाटे चार-पाच अंशांचा फरक असायचा, आता अंशभराचा. आई आता एकच पांघरूण घेते. खिडकीची एक जुनी चौकट अजून गळते. तिने ती हाताने शोधून काढली आणि मला दाखवली. ती या महिन्यात करायची आहे.

झडपेच्या आतल्या बाजूला मी एक पुठ्ठा स्टेपल करून ठेवला आहे. ज्याने आधी हे घर बांधलं, वायरी घातल्या, पाइप सोडले, त्याने असं काही ठेवलं असतं तर आमची सुरुवात सोपी झाली असती. पेन्सिलने लिहिलं आहे, कारण शाई काळाने फिकी पडू शकते. काम केल्याची तारीख, सेल्युलोजच्या पोत्यांची संख्या, टाकताना जाडी सोळा इंच. वायरींचे जोड कुठल्या तुळईजवळ आहेत, त्याचा नकाशा. न्हाणीघराचा पाइप कुठून बाहेर जातो, तो बाण. वळचणीच्या पन्हळींवर काही ठेवू नये. पाय फक्त तुळईवर. धुराड्याभोवतीची पत्र्याची बाही हलवू नये, आतली जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे.